माथा सोडा, घेऱ्यात धावा: नाशिकच्या डोंगरपायथ्याच्या वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहायला पाथर्डी फाट्याजवळ, रस्त्यावर हाफ मॅरेथॉन आरामात होते, आता ऑगस्टपासून जंगलातून आणि डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या देखण्या वाटांवर धावायचं आहे. नाशिकजवळचे 'टॉप फाइव्ह' ट्रेल कोणते, शूज कुठले घ्यावेत आणि एकट्याने गेलं तर चालेल का?

पाचांची यादी देत नाही. यादी दिली की लोक तीच घेऊन भर पावसात हरिहर गडावर जातात आणि पायऱ्यांच्या रांगेत दोन तास उभे राहतात. हरिहरच्या त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, हात रोवायला खोबणी आहेत, वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं. तिथे धावणार काय? आपल्याकडे डोंगर म्हटलं की माथा आणि माथा म्हटलं की गड, ही सवय ट्रेकिंगमधून आली आहे. ट्रेकरला ती शोभते, धावणाऱ्याला ती आडवी येते.

इतकी वर्षं या भागात धावून आणि इतरांना धाववून माझं मत पक्कं झालं आहे की नाशिकमध्ये धावायचं ते गडाच्या घेऱ्यात, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात. सह्याद्रीची रचनाच तशी आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून हे डोंगर झाले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा उतार किंवा सपाट पट्टा होतो. कड्याखालच्या या पट्ट्याला पदर म्हणतात. जंगल टिकलं आहे ते बहुतेक या पदरात: साग, ऐन, धावडा, मोह, आंबा, मध्ये करवंदाच्या जाळ्या. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर, विहिरीवर, शाळेत, बाजाराला जाणाऱ्या वाटा याच पट्ट्यातून फिरतात. डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन चालणाऱ्या माणसांनी त्या पाडल्या आहेत, त्यामुळे त्यांचा चढ अंगावर येत नाही. चार किलोमीटर सलग लय धरता येते, आणि कडा सतत बाजूला दिसत राहतो. माथ्यावर उभं राहिलं की तुम्हाला तोच डोंगर दिसत नाही, हेही आहेच.

मार्ग निवडण्याआधी पाऊस समजून घ्या, कारण नाशिकचा सगळा खेळ तिथे आहे. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. अवघ्या २८ किलोमीटरवर त्र्यंबकला २,००० च्या वर, इगतपुरीला ३,००० च्या वर. पाथर्डी फाट्यावर कोरडं ऊन पाहून निघालेला माणूस त्र्यंबकजवळच्या पेगलवाडीच्या पुढे गुडघाभर ओहोळासमोर उभा राहतो, ते यामुळेच. आणि ओहोळात पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने वाढतं. जाताना घोट्यापर्यंत असलेला ओहोळ तासाभरात कमरेला लागू शकतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या वाटा सोडायच्या, शहरालगत आणि उत्तरेला धावायचं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की त्र्यंबककडे वळायचं. नोव्हेंबर ते जानेवारी सगळीकडे मोकळं रान. फेब्रुवारीनंतर पानगळ होते, सावली जाते, गवत वाळतं आणि वणवे लागायला सुरुवात होते. मार्च ते मे मी सकाळी नऊच्या आत खाली येते आणि धुराचा वास आला तर त्या दिवशी त्या डोंगराकडे जातच नाही.

तुमच्या घराजवळ पांडवलेणी आहेत, सुरुवात तिथूनच करा. त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे, एकदा सवडीने थांबून पाहावा असा. पण लेण्यांपर्यंतच्या दोनेकशे पायऱ्या म्हणजे ट्रेल नाही, पायऱ्याच आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते, त्यात आजी-आजोबा असतात. त्यांच्यामधून उड्या मारत उतरणारा धावपटू कुणालाच आवडत नाही. आठवड्यातून एकदा पायऱ्या चालत चढा, मांड्यांना सवय लावायला, आणि धावणं पायथ्याच्या कच्च्या वाटांवर ठेवा. एक इशारा: अशा कड्यांच्या कपारींत आग्या मोहळाची पोळी लागतात. उग्र अत्तर मारून जायचं नाही, दगड भिरकवायचा नाही, आणि माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब पळायचं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी वेळ कमी असेल तर सातपूरकडचा फाशीचा डोंगर आहे. उघड्या डोंगरावर लोकांनी देशी झाडं लावून तिथे देवराई उभी केली आहे. लहान रोपं आहेत, ठिबकच्या नळ्या आहेत. वाटेवरूनच धावायचं, रोपांमधून नाही.

उत्तरेला पेठ रोडवर रामशेज. आशेवाडी हे पायथ्याचं गाव, शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटर. हाच तो किल्ला जो १६८२ पासून मोगलांच्या वेढ्याला पाच-सहा वर्षं पुरून उरला. आजूबाजूच्या डोंगरांच्या मानाने तो बुटका आहे, चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण धावायला माझी आवडती गोष्ट त्याच्या भोवतीची आहे: गाडीवाट, शेताचे बांध, मध्ये मुरमाची टेपाडं, गवताळ उतार. जमीन लाटेसारखी वर-खाली होते आणि कुठूनही पाहिलं तरी किल्ल्याचा कातळ नजरेत राहतो, त्यामुळे वाट चुकली तरी दिशा चुकत नाही. नवख्याला ट्रेलवर सोडायचं तर मी पहिल्यांदा इथेच आणते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या तुकड्यात मात्र शिरू नका; दहा पावलांत एकेका बुटाला पावशेर चिखल चिकटतो.

रामशेजच्या शेजारचा बोरगड हे २००८ साली घोषित झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. स्थानिक लोक, वन विभाग आणि निसर्गप्रेमी यांनी मिळून राखलेलं जंगल आहे, पक्षी भरपूर. पण माथ्यावर हवाई दलाचं केंद्र आहे, तिथे जाता येत नाही, फोटोही काढायचे नाहीत. खालच्या जंगलात जायचं तर आधी गावात आणि वन विभागाकडे विचारून. असंच दक्षिणेला: आंबेबहुलाजवळचा बहुला किल्ला आणि भोवतीचा भाग देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो. नकाशावर मस्त वाट दिसते म्हणून तिकडे घुसू नका. सारूळ-राजूर बहुला पट्ट्यात दगडखाणी आहेत, सुरुंग आणि डंपर या दोन्ही कारणांनी तो भागही मी सोडून दिला आहे.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा परिसर, सावरगाव-गंगावऱ्ह्याकडचा, सपाट आणि सोपा आहे. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी उतरतात, सकाळी धुकं असतं. द्राक्षबागांमधले रस्ते खासगी असतात, विचारून जा, आणि बागेत ब्लोअरने फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा बघून मागे फिरा. बाकी तिथे सांगण्यासारखं फार नाही, दमलेल्या आठवड्यात जायची जागा.

आता अंजनेरी. इथे मी घेऱ्याचा नियम थोडा सैल करते, कारण या डोंगराला मध्येच प्रशस्त पठार आहे. त्र्यंबक रोडवर फाटा, गावात बाराव्या शतकातली जैन मंदिरं, पुढे कच्च्या रस्त्याने वन विभागाची चौकी, तिथे नोंद करून पावती घ्यायची. मग खिंडीतल्या पायऱ्या. त्या चढून गेलात की पठार उघडतं, अंजनी मातेचं मंदिर लागतं, पुढे तळं. खरं धावणं या पठारावर. तिथून माथ्यापर्यंतचा चढ मी चालत जायला सांगते. गाव ते माथा मिळून चढाई सहाशे मीटरच्या आसपास भरते. डोंगरात हिशोब असा धरतात की १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा एक किलोमीटर. म्हणजे तुमच्या घड्याळात दिसणाऱ्या अंतरात सहा किलोमीटर मनातल्या मनात मिळवा. रस्त्यावरचा वेग इथे आणून स्वतःला छळू नका. डोंगरात मी किलोमीटर मोजत नाही, तास मोजते.

अंजनेरीवर वाट सोडू नका, हे मात्र कळकळीने सांगते. २०१७ पासून हेही संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीचंच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नोंदवली. गवतात लपलेलं नाजूक रोपटं आहे ते. पावसाळ्यात चिखल टाळायला वाटेच्या बाजूने धावणारे पाय नेमके त्याच्या अंगावर पडतात. चिखलातूनच जा, बूट धुता येतात. कड्यांवर गिधाडांची घरटी असतात. हिवाळ्यात त्यांचा विणीचा काळ, तेव्हा कड्याच्या काठावर आरडाओरडा, स्पीकर, ड्रोन काही नको.

पण नाशिकचा खरा ट्रेल विचाराल तर तो कुणी धावपटूने आखलेला नाही. ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतात, कितीतरी जण अनवाणी, रात्री निघून पहाटे परत. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, हरिहरला वळसा घालणारी मोठी जवळपास दुप्पट. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, प्रयागतीर्थावरून पेगलवाडी, पहिने, मग ब्रह्मगिरीच्या पाठीमागचे पाडे आणि सापगावच्या बाजूने पुन्हा त्र्यंबकला. माथ्याला हातही न लावता डोंगर सगळ्या बाजूंनी पाहायचा, ही कल्पना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोदावरी जिथे उगम पावते त्या १,२९५ मीटरच्या डोंगराचं त्र्यंबकच्या बाजूचं रूप सगळ्यांना माहीत असतं. पाठीमागून तो इतका वेगळा, इतका रासवट दिसतो की पहिल्यांदा जाणारा विचारतो, हा नेमका कुठला डोंगर.

फेरीचं जमिनीचं गणित असं: पहिन्यापर्यंतचा बराच भाग डांबरी, तो सकाळी लवकर उरकायचा, कारण नंतर घोटीकडची वाहनं वाढतात. त्यानंतर कच्चा रस्ता, भातखाचरं, झाडी, ओहोळ. जुलैत इथे भाताची आवणी चालू असते. खाचरांच्या बांधांवरून धावायचं नाही. ओला बांध तुमच्या टाचेने खचतो आणि शेतकऱ्याचं अडवलेलं पाणी वाहून जातं. ऑक्टोबरमध्ये भात पिवळं झालेलं असतं, उतारांवर नागली-वरई, ओहोळांत स्वच्छ पाणी आणि हवा अजून थंड व्हायची असते. वर्षातून एकदाच फेरी करायची असेल तर ती तेव्हा. पाठीमागच्या भागात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे घरी सांगून निघा: कुठून निघालो, कोणत्या बाजूने, किती वाजेपर्यंत फोन येईल. श्रावणातल्या त्या सोमवारी धावायला जाऊ नका. जायचं असेल तर सगळ्यांसारखं चालत जा. पहिन्याला आणि दुगारवाडीच्या धबधब्याला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी आणि गाड्यांची कोंडी असते, प्रशासन कधी कधी बंदीही घालतं. तेव्हा तो भाग टाळा. सिंहस्थाच्या तयारीमुळे त्र्यंबक रोडचं वेळापत्रकही आता भरवशाचं राहिलेलं नाही, शहरातून अर्धा तास आधी निघा.

वाट विचारायची कशी, हेही शिकावं लागतं. "ही वाट कुठे जाते?" असं गुराख्याला विचारलं तर तो खरं उत्तर देतो: वर जाते. "पलीकडच्या पाड्यावर उतरायला हीच का?" असं विचारा. "हे काय, इथंच" म्हणजे अर्धा तास धरा, तुमच्या वेगाने नाही, त्याच्या. घड्याळात उतरवलेल्या ट्रॅकवर आंधळा विश्वास नको. ढोरवाट नकाशावर पायवाटेसारखीच दिसते. ती झकास सुरू होते, रुंद असते आणि करवंदाच्या जाळीत जाऊन संपते. गुरं तिथून पुढे जातात, तुम्ही नाही. आणि वाटेत चपला घालून शाळेत निघालेली पोरं तुमच्यापुढे धावत गेली तर वाईट वाटून घेऊ नका. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणणारी कविता राऊत याच हरसूलकडच्या सावरपाड्याची आहे.

पाय कुठे टाकायचा, यावर रस्त्यावरून आलेले सगळे अडखळतात. आपला दगड बेसाल्ट. कोरडा असताना बूट त्याला घट्ट धरतो. ओला आणि शेवाळलेला असला की कोणताही बूट धरत नाही, कितीही महाग असो. काळा चकचकीत दिसणारा कातळ म्हणजे पाय न टाकण्याची जागा. खरबरीत, मळकट भाग शोधायचा, नाहीतर कडेचं गवत. उतारावर सुट्या खड्यांचा घसारा असतो. तिथे मागे झुकून टाचेवर ब्रेक लावले की बसकण ठरलेली. पावलं आखूड आणि भराभर, गुडघे किंचित वाकलेले, नजर पायाशी नाही तर तीन-चार पावलं पुढे. चढावर दम लागायच्या आधीच चालायला लागा, हात मांड्यांवर. उतार धावल्यावर दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात, म्हणून पहिले दोन महिने मोठा उतार आठवड्यातून एकदाच.

एकट्याने जाण्याबद्दल. पांडवलेणी, रामशेजचा पायथा, उजेडात, ओळखीच्या वाटेवर: चालेल. बाकी ठिकाणी किमान तिघं. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो, एक मदत आणायला जातो. नाशिक जिल्हा बिबट्यांचा आहे, जंगलात आणि त्याहून जास्त उसाच्या शेतांत. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो. म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि हेडलॅम्प लावून जंगलात धावायचं नाही, मग कुणी कितीही थरारक व्हिडिओ टाको. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं-बसायचं नाही, मोठ्याने बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकायचं. कानात इअरफोन अजिबात नको. पाड्यावरची कुत्री अंगावर आली तर धावणं थांबवून चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. दगडाळ उतारांवर फुरसं असतं, आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचं. दगडावर हात ठेवण्याआधी बघा. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. पाय हलू न देता, माणसाला चालायला न लावता, शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२.

बरोबर दीड लिटर पाणी, ओआरएसची पुडी, क्रेप बँडेज, शिट्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन, थोडे रोख पैसे. ओहोळाचं पाणी स्वच्छ दिसतं, वर गुरं बसलेली असतात.

शूजबद्दल तुम्ही सगळ्यात आधी विचारलं असतंत तरी मी सगळ्यात शेवटीच सांगितलं असतं. चार-पाच मिलिमीटर खाचांचा तळ, मऊ चिकट रबर, पुढे बोटांना ठेच लागू नये असं कडक टोक आणि पाणी आत शिरलं तरी लगेच बाहेर जाईल अशी जाळी. वॉटरप्रूफ बूट आपल्या पावसात निरुपयोगी. पाणी वरून आत जातं आणि तिथेच राहतं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, तुमचा पाय रुंद आहे की निमुळता हे दुकानात संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना कळतं. अर्धा नंबर मोठा घ्या. ऑक्टोबरपासून गवत वाळलं की कुसळं मोज्यांत घुसतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत, तेव्हा घोट्यापर्यंतचे मोजे घरी ठेवून पोटरीपर्यंतचे, घट्ट विणीचे घाला किंवा वरून गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचं कापडी आवरण, चढवा.

आता ऑगस्ट आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत मंगळवारी पांडवलेणी आणि रविवारी रामशेजचा पायथा, एक तासापासून दोन तासांपर्यंत हळूहळू वाढवत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस थांबला असेल तर अंजनेरीचं पठार, तेही सकाळी सातला चौकीवर. दिवाळीच्या आधी तिघं-चौघं जमवून ब्रह्मगिरीची लहान फेरी, चार तास हाताशी ठेवून. त्र्यंबकपर्यंत सिटीलिंकची बस जाते, गाडी नेऊ नका; वीस किलोमीटर डोंगरात काढल्यावर क्लच दाबायला पाय शिल्लक राहत नाही.